राज्यमाशाची पिल्लं खायची आणि झाराला शिव्या द्यायच्या

पावसाळा ओसरायला लागला की मराठी बातम्यांमध्ये एक ठरलेला मथळा उगवतो. 'किनारपट्टीवर जेलीफिशचं आक्रमण'. आक्रमण नसेल तर 'हल्ला', हल्ला नसेल तर 'विळखा'. सोबत वाळूवर पडलेल्या एका बुळबुळीत गोळ्याचा फोटो, मच्छीमार हवालदिल असल्याचं एक वाक्य आणि शेवटी 'हवामान बदलामुळे' ही दोन शब्दांची मीमांसा. झाली बातमी. पुढच्या वर्षी तारीख बदलून हीच चालते.

माझं भांडण त्या 'आक्रमण' शब्दाशी आहे. आक्रमण करायला निदान आपण कुठे चाललोय हे ठरवता यायला हवं. जेलीफिशला मेंदू नाही. छत्री उघडमीट करत तो थोडाफार वर-खाली सरकतो, पण बहुतेक जातींना प्रवाह नेईल तिकडे जाण्यावाचून पर्याय नसतो. शरीराचा 95 टक्के भाग पाणी. गेली 50 कोटी वर्षं, म्हणजे माशांचे पूर्वज नीट मासे होण्याच्या आधीपासून, हा प्राणी असाच तरंगतोय. इतकी वर्षं ज्याने आक्रमण केलं नाही, त्याला नेमकं आपल्याच काळात साम्राज्यविस्ताराचं वेड लागलं, असं मानायला मी तयार नाही. 'आक्रमण' म्हटलं की गुन्हेगार आयता मिळतो आणि तोही असा, ज्याची बाजू मांडायला कुणी वकील उभा राहणार नाही.

आधी एक घोळ निस्तरू. ऑगस्ट 2018 मध्ये जुहू, गिरगाव वगैरे ठिकाणी दोन-तीन दिवसांत शंभराहून जास्त लोकांना दंश झाले आणि 'मुंबईत जेलीफिशची दहशत' पसरली. ती निळी, फुग्यासारखी वस्तू म्हणजे ब्लूबॉटल. ती खऱ्या अर्थाने जेलीफिश नाहीच. एकमेकांना चिकटून, कामं वाटून घेऊन जगणाऱ्या अनेक जीवांची ती एक वसाहत असते. तिचा फुगा पाण्याच्या वर असतो, त्यामुळे मोसमी वारे तिला ढकलत किनाऱ्याला आणून टाकतात. हे दर पावसाळ्यात होतं आणि याबद्दल माझी काही तक्रार नाही. (डंख लागलाच तर वाळूने किंवा टॉवेलने चोळू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे जपून काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा. श्वासाला त्रास व्हायला लागला तर थेट हॉस्पिटल. लिंबू सरबतासाठी ठेवा.)

माझा विषय आहे झार. खाली कोकणात जेलीफिशला झार म्हणतात. माझं आजोळ मालवणच्या बाजूचं आणि मामा रापणीतला भागीदार. रापण म्हणजे होडीतून अर्धगोल टाकलेलं लांबलचक जाळं; त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावरून तीस-चाळीस माणसं ओढतात आणि जे मिळेल त्याचे वाटे होतात. सहकाराचे कायदे लिहिले जायच्या आधीपासूनचा हा सहकार. या जाळ्यात झार भरला की ते ओढता येत नाही इतकं जड होतं, फाटतं, हातांची आग होते आणि मधे सापडलेली चार मासळी चेंबून जाते. मामाचं त्यावर एक वाक्य आहे: "जाळ्यात झारच झार. मासळी खंय?"

ऐकताना ही दोन वाक्यं वाटतात. पण माझ्या मते पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात आहे.

कसं ते बघू. आपल्याला दिसतो तो जेलीफिश हा त्याच्या आयुष्याचा शेवटचा अंक. त्याआधी बऱ्याच जातींमध्ये तो काही मिलिमीटरचा, फुलासारखा एक जीव असतो. त्याला पॉलिप म्हणतात. हा पॉलिप खडकाला, शिंपल्याला, जेट्टीच्या खांबाला चिकटून बसतो. महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षं. स्वतःच्या प्रती काढत राहतो. पाण्याचं तापमान आणि अन्न मनासारखं झालं की त्याच्या अंगाच्या बशांसारख्या चकत्या पडायला लागतात आणि एकेक बशी सुटून पोहायला लागते. तोच पुढे जेलीफिश. म्हणजे 'अचानक आले' हेही खरं नाही. ते तिथेच होते, वाट बघत.

आता या पोहणाऱ्या बशा खातात काय? पाण्यात तरंगणारे बारीक जीव, म्हणजे प्राणीप्लवक. आणि तारली, मांदेली, बांगड्याची पिल्लं काय खातात? बरंचसं तेच. ताट एकच आहे. मासे चपळ, त्यांना डोळे आहेत, ते घास हेरून घेतात. जेलीफिश आंधळेपणाने तरंगतो आणि जे शुंडांना लागेल ते गिळतो. समुद्र माशांनी भरलेला असेल तर जेलीफिशच्या वाट्याला उष्टं-खरकटं येतं. मासे उचलून नेले तर अख्खं ताट त्याचं. इथवर फक्त स्पर्धा झाली. पण जेलीफिश माशांची अंडी आणि नुकती जन्मलेली पिल्लंही खातो. त्यामुळे एकदा त्याचं बस्तान बसलं की माशांना परत येणंच अवघड होतं. भाडेकरूने घरमालकाची पोरं खावीत, तसला प्रकार.

हे कागदावरचं गणित नाही. आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, नामिबियासमोर, बेंगुएला नावाचा थंड प्रवाह वाहतो. खालचं पोषक पाणी वर येत असल्याने हा जगातला अत्यंत सुपीक समुद्र. 1960च्या दशकात तिथे सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीचे भाऊबंद, इतके होते की परदेशी आणि स्थानिक बोटींनी ते दरवर्षी लाखो टनांनी उपसले. बराचसा माल माणसाच्या ताटातही गेला नाही, त्याची पूड आणि तेल झालं. सत्तरच्या दशकात सार्डिन कोसळले. मग शास्त्रज्ञांनी ध्वनिलहरींनी त्या समुद्राची मोजदाद केली आणि 2006 मध्ये आकडे प्रसिद्ध केले: जेलीफिश 1 कोटी 22 लाख टन, मासे 36 लाख टन. माशांच्या तिपटीहून जास्त वजनाचे जेलीफिश. सार्डिनवर जगणाऱ्या पेंग्विनांची आणि गॅनेट पक्ष्यांची संख्या ढासळली, कारण जेलीफिशचं पोषणमूल्य जवळपास पाण्याइतकंच.

यातला खरा पुरावा मात्र मला नामिबियाच्या शेजाऱ्याकडे दिसतो. त्याच बेंगुएला प्रवाहाच्या दक्षिण भागात, दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत, छोट्या माशांची पकड बऱ्यापैकी लगाम घालून चालवली गेली. समुद्र तोच, प्रवाह तोच, वातावरणही एकच. तिथे जेलीफिशचं राज्य आलं नाही. 'हवामान बदलामुळे' म्हणून बातमी मिटवणाऱ्यांनी या दोन शेजाऱ्यांचा निकाल समजावून सांगावा.

काळ्या समुद्राची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती बरीच फिरून झाली आहे. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला जहाजांच्या तोलाच्या पाण्यातून अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एक कंगवा-जेली, नेमिऑप्सिस, तिथे पोहोचला. दशक संपता संपता त्याने समुद्र भरून टाकला आणि अँचोव्हीची मासेमारी बसली. पण तो आला तेव्हा घर आधीच मोडकळीला आलं होतं. मोठे मासे संपत आलेले, आणि डॅन्यूब नदीतून शेतांमधलं खत आणि शहरांचं सांडपाणी ओतलं जात होतं. नव्वदच्या दशकात दोन गोष्टी झाल्या. सोव्हिएत व्यवस्था कोसळल्यावर त्या भागातला खतांचा वापर घटला. आणि 1997च्या सुमारास नेमिऑप्सिसलाच खाणारा दुसरा कंगवा-जेली, बेरोए, तिथे येऊन पोहोचला. समुद्र काही प्रमाणात सावरला. एका महासत्तेचं दिवाळं हा जलप्रदूषणावरचा उपाय म्हणून कुणी शिफारस करणार नाही, पण खत थांबलं की पाणी सुधारतं एवढं त्यातून दिसलं.

इथे दुसऱ्या टोकाच्या लोकांशीही माझं भांडण आहे. 'लवकरच महासागरात फक्त जेलीफिश उरणार' अशा रील तुम्हीही पाहिल्या असतील. गंभीर पार्श्वसंगीत, जपानमधले दोनशे किलोचे नोमुरा जेलीफिश आणि त्यांच्या ओझ्याने 2009 मध्ये उलटलेली दहा टनी बोट. बोट खरंच उलटली होती. पण जगभराचं चित्र इतकं सरळ नाही. 2012च्या एका अभ्यासात जगातल्या 45 मोठ्या सागरी परिसंस्थांपैकी 28 मध्ये जेलीफिश वाढल्याचं दिसलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने जुन्या नोंदी तपासून सांगितलं की जेलीफिशची संख्या साधारण वीस वर्षांच्या लाटेत वर-खाली होते आणि सगळीकडे सतत वाढ होत असल्याचा ठोस पुरावा नाही. मला हा वाद सोयीचा वाटतो. जेलीफिश सगळीकडे वाढत असते तर 'जागतिक प्रश्न आहे, आपण काय करणार' म्हणत हात वर करता आले असते. ते काही ठिकाणी वाढतात आणि काही ठिकाणी नाही. मग प्रत्येक ठिकाणी विचारावं लागतं: इथे काय केलं, आणि कुणी?

हवामान बदल खोटा आहे, असं मी म्हणतोय का? अजिबात नाही. अरबी समुद्र तापतोय आणि त्याची किंमत आपल्या दारात दिसते. गेल्या काही वर्षांत जुहूला, देवगडला रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटांचे व्हिडिओ तुम्ही शेअर केले असतील. 2020 मध्ये तर सगळ्या ग्रुपवर तेच होतं. ती चमक बहुधा नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवाची असते. मूळचे गोव्याचे शास्त्रज्ञ जोआकिम गोएस आणि त्यांच्या सहकारी हेल्गा गोम्स यांनी दाखवून दिलं की उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात पूर्वी डायटम नावाच्या शैवालांचा बहर यायचा, तो या शतकात मागे पडला आणि नॉक्टिल्युकाने जागा घेतली. त्यांच्या 2014च्या शोधनिबंधात कमी ऑक्सिजनच्या पाण्याकडे बोट होतं. 2020च्या निबंधात हिमालयातलं बर्फ घटल्याने हिवाळी वारे उबदार झाले आणि समुद्र नीट घुसळला जाईनासा झाला, असं कारण पुढे आलं. डायटमवर माशांची साखळी उभी राहते. नॉक्टिल्युका मात्र मुख्यतः साल्प आणि जेलीफिश यांच्या पोटात जातो. म्हणजे ज्या लाटेसमोर आपण सेल्फी काढतो, ती जेलीफिशच्या जेवणाची पंगत असू शकते.

तर हो, हवामान बदल आहे. पण आपल्याकडे 'हवामान बदल' हा शब्द कारण सांगायला कमी आणि बिल दुसऱ्याच्या नावावर फाडायला जास्त वापरला जातो. हिमालयातलं बर्फ परत आणणं मत्स्य विभागाच्या हातात नाही, मान्य. पण जाळ्याचा आस, बोटींचे दिवे आणि गटाराचं तोंड?

आता येतो पापलेटकडे. 4 सप्टेंबर 2023 रोजी महाराष्ट्राने पापलेटला, म्हणजे चंदेरी पॉम्फ्रेटला, राज्यमासा जाहीर केलं. सातपाटीच्या मच्छीमारांची ही मागणी होती, चांगली होती. पापलेट काय खातं, हे फार जणांना माहीत नसतं. त्याच्या आहारात प्राणीप्लवकाबरोबर साल्प, कंगवा-जेली आणि जेलीफिश येतात. आपला राज्यमासा झार खाणारा मासा आहे. आणि आपण काय करतो? तो वयात यायच्या आत, तळहाताएवढा असताना, टोपलीच्या भावाने विकत घेतो. तव्यावर तीन मावतात म्हणून खूश होतो.

नियम नाहीत, असंही नाही. 2023च्याच नोव्हेंबरमध्ये राज्याने 54 जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. फेब्रुवारी 2016च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आले. एलईडी दिवे लावून रात्री मासे गोळा करण्यावर केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. 2021 मध्ये राज्याच्या मासेमारी कायद्यातले दंड वाढले. कागदावर आपण दक्षिण आफ्रिका आहोत. रात्री मालवणच्या किनाऱ्यावर उभे राहा आणि क्षितिजाकडे बघा, आपण नामिबियाच्या वाटेवर आहोत. मामा त्या दिव्यांना 'दिवाळी' म्हणतो. ज्या थव्याची रापण आठवडाभर वाट बघते, तो एका फेरीत उचलला जातो आणि त्यातला लहान माल फिशमीलच्या कारखान्यात जाऊन कोळंबीचं आणि कोंबड्यांचं खाद्य होतो. छोटे मच्छीमार वर्षानुवर्षं यासाठी आंदोलनं करतायत. ती बातमी 'पारंपरिक विरुद्ध आधुनिक' अशा सदरात जाते, जणू दोन आळ्यांचं भांडण आहे. झाराची बातमी पर्यावरणाच्या पानावर. दोन्ही बातम्या एकाच पानावर लावल्या असत्या तर वाचकाला काही सांगावं लागलं नसतं.

केरळात तारलीचं काय झालं, तेही बघण्यासारखं आहे. 2012 मध्ये एकट्या त्या राज्यात सुमारे 4 लाख टन तारली मिळाली. 2021 मध्ये साडेतीन हजार टनांच्या आत. तापलेलं पाणी, एल निनो आणि बेसुमार पकड, तिन्ही कारणं दिली जातात. पहिल्या दोनांवर मत्स्यमंत्र्यांचा इलाज नाही. तिसऱ्यावर आहे.

मुंबईचं सांडपाणी हा तर वेगळा निबंध होईल. शहराचं मैलापाणी मोठ्या प्रमाणावर पुरेशी प्रक्रिया न होता खाड्यांमधून समुद्रात जातं, सात नवी प्रक्रिया केंद्रं बांधली जातायत, ती होतील तेव्हा होतील. त्या पाण्यातलं नायट्रोजन-फॉस्फरस किनाऱ्याजवळ शैवाल वाढवतं, ते कुजताना ऑक्सिजन संपतो, मासे दूर पळतात किंवा मरतात. जेलीफिशला कमी ऑक्सिजन चालतो. त्याच पाण्यात आपण भिंती, भराव, जेट्ट्या आणि बंदरं उभी करतो, ज्यांच्या सावलीतल्या कठीण पृष्ठभागाइतकी पॉलिपला दुसरी आवडती जागा नाही. वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये झाली, तीही पापलेटासाठी नावाजलेल्या पालघरच्या पट्ट्यात. त्याबद्दलच्या वादात पॉलिपचा उल्लेख मी अजून ऐकलेला नाही.

श्रीमंतांना धडा शिकवायला जेलीफिश वीजकेंद्रंही बंद पाडतात, असा एक खट्याळ आशावाद मधूनमधून डोकं काढतो. डिसेंबर 1999 मध्ये फिलिपिन्सच्या लुझोन बेटावर असा अंधार झाला की लोकांना लष्करी बंड झालं असं वाटलं. बंड नव्हतं, पाणी ओढणाऱ्या नळांत जेलीफिश होते. ऑगस्ट 2025 मध्ये फ्रान्सच्या ग्राव्हलीन अणुवीज केंद्रातल्या चार अणुभट्ट्या याच कारणाने थांबल्या. आपल्या कल्पाक्कमलाही हा त्रास जुनाच आहे. पण वीजकेंद्र चाळण्या साफ करून पुन्हा चालू होतं. रापणीचं फाटलेलं जाळं तसं चालू होत नाही.

राहिला तो हुशार उपाय: 'मग जेलीफिशच पकडा आणि विका.' चीनमध्ये खातात, भारतातून निर्यातही होते. गुजरात, आंध्र, तमिळनाडूत मीठ-तुरटी लावून वाळवण्याचं काम चालतं. ज्यांचं पोट त्यावर भरतं त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्याला उपाय म्हणणाऱ्यांनी जरा पुढचा विचार करावा. सगळ्या जाती खाण्याजोग्या नसतात, झार वर्षातले थोडे आठवडेच येतो, आणि एकदा त्यावर कारखाना उभा राहिला की कारखान्याला दरवर्षी झार लागणार. म्हणजे मासे कमी असण्यात कुणाचा तरी फायदा तयार होणार. रोग टिकावा असं वाटणारा औषधवाला आपल्याला नव्याने कशाला हवा?

गेल्या महिन्यात आमच्या इथल्या बाजारात मी कोळीण मावशींना त्या 54 माशांच्या आकारांबद्दल विचारलं. त्यांच्या समोरच्या पाटीत बोटभर जाडीची, बशीतही हरवतील अशी पापलेटं रचलेली होती. त्या म्हणाल्या, "आमाला कोन सांगाला येतो? बंदरावर जे उतरतं ते आमी विकतो. मोठं पायजे तर मोठ्याचा भाव दे." भाव विचारला. त्यांनी सांगितला. माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाने तोवर छोट्यांची अख्खी पाटी बांधून घेतली होती.